सेकंडहँड एटीव्ही कोणती घ्यावी: आर्णीच्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला आणि माझी झोप गेली. तुम्ही विचारलं ते साधंच. कॅनडात, अल्बर्टातल्या डेअरी फार्मवर काम मिळालंय, मार्चमध्ये निघायचंय, सोबत वहिनी, अकरा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी. तिथले लोक सांगतात की खेड्यात राहायचं तर एटीव्ही, म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल असलेली, जाड टायरांची चारचाकी, पाहिजेच. तर घरच्यांना फिरायला जुनी कोणती घ्यावी, होंडा की पोलारिस, आणि तिकडे करमतं का?

वर्क परमिट, हेल्थ कार्ड, लायसन्स यातलं मी काही लिहीत नाही. ते सरकारी साइटवर आहे आणि दर सहा महिन्यांनी बदलतं. मी दिग्रस तालुक्यातला. तिकडं रेड डीयर शहरापासून दीड तासावर राहतो, ट्रॅक्टर-कंबाइन दुरुस्त करतो. सध्या सुटीवर गावी आलोय. तूर सोंगणं सुरू आहे, ओसरीवर बसून लिहितोय, लाइट दोनदा गेली.

करमण्याचं आधी सांगून टाकतो. नाही करमत. मग सवय होते. झालं. आता गाडीचं.

कंपनीवरून भांडणं लागतात, त्यात पडू नका. होंडाच्या रँचर, फोरमनमध्ये गिअर असतात, पट्टा नसतो. यामाहा, सुझुकी, पोलारिस, कॅन-अॅममध्ये बहुतेक पट्ट्यावर चालणारं ऑटोमॅटिक असतं. पट्टा वाईट नाही, पण तो झिजतो, पाणी गेलं की घसरतो. गाडी हळू चालवताना झटके देत असेल, रबर जळल्याचा वास येत असेल, तर पट्ट्याचा खर्च आहे समजा. नव्या माणसाला मी जुनी होंडा सांगतो, नाहीतर यामाहाची कोडियाक किंवा ग्रिझली. पण नीट ठेवलेली पोलारिस ही मारून मारून वापरलेल्या होंडापेक्षा कधीही बरी. तीन चाकांची जुनी गाडी फुकट मिळाली तरी नको. ती उलटते म्हणून 1988 साली अमेरिकेत कंपन्यांना विकणं थांबवावं लागलं, जाहिरातीत मात्र अजून एखादी दिसते.

पाहायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगा, इंजिन थंड ठेवा, मी आल्यावर सुरू करू. पोहोचल्यावर पहिला हात इंजिनला लावा. गरम लागलं तर त्यानं काहीतरी लपवलंय. थंड असताना सुरू व्हायला त्रास, सुरू होताना निळा धूर, म्हणजे ऑइल जळतंय, हे सगळं गरम इंजिन झाकून टाकतं. मग डिपस्टिक काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, नमस्कार करून परत या. सीट काढून एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनकडच्या बाजूला बोट फिरवा. तिथं धूळ लागली तर ते इंजिन माती खात आलंय, वरून कितीही गोड वाजो. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, बेअरिंग आणि बॉल जॉइंट कळतात. डावी-उजवीकडे धरून हलवा, स्टिअरिंगचे दांडे कळतात. एक्सलचे रबरी बूट फाटलेत का, खाली झोपून फ्रेमला नवं वेल्डिंग दिसतं का, फोर-व्हील लागतं का, रिव्हर्स पडतो का. हवा घ्यायची नळी हँडलपर्यंत वर नेलेली दिसली तर ती गाडी डबक्यात पोहलेली आहे.

मीटरवर किलोमीटरसोबत इंजिन चाललेले तासही असतात. 4,000 किलोमीटर पाहून खूश होऊ नका, शेजारी 900 तास असतील तर भागाकार करा. ताशी साडेचार किलोमीटर. म्हणजे ती गाडी जन्मभर गाईंमागं रांगत किंवा बर्फ ढकलत राहिली.

तुम्ही म्हणाल, याला एवढं कळतं तर यानं चांगलीच घेतली असेल. नाही ना भाऊ. मी फसलो. रोज इंजिनं उघडणारा माणूस फसला, आणि का फसला ते सांगायचं म्हणून तर हे लिहायला बसलो.

माझा मुलगा तिथं शाळेत गेला तेव्हा आठ वर्षांचा होता. घरी तोंड बंद नसायचं त्याचं. तिथं त्याला इंग्रजीसाठी वेगळ्या खोलीत बसवलं, आणि पोरगा गप्प झाला. दर सोमवारी वर्गात गोल करून बसायचं आणि सुटीत काय केलं ते सांगायचं. सगळी पोरं एटीव्हीवरच्या गोष्टी सांगायची. माझा म्हणायचा, किराणा आणायला गेलो. मग एका सोमवारी त्यानं आमच्या पटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीची, गोष्ट सांगितली. 2021 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं शंकरपटाला परवानगी दिली, आणि त्या हिवाळ्यात बाबांनी आपली जोडी पटात उतरवली होती. पोरानं ते आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिलं होतं. त्यानं तोडक्या इंग्रजीत सांगितलं की माझ्या आजोबांचे बैल घड्याळ लावून पळतात. संध्याकाळी वहीत चिठ्ठी आली: मुलाची कल्पनाशक्ती चांगली आहे, पण खरं आणि बनवलेलं यातला फरक घरी समजावून सांगावा.

मी जायला पाहिजे होतं शाळेत. फोनमध्ये व्हिडिओ होता, दाखवायला पाहिजे होता. नवा होतो, इंग्रजी अडखळत होतं, नाही गेलो. त्याऐवजी त्याच शनिवारी एटीव्ही घ्यायला गेलो.

140 किलोमीटरवर. लाल, चकचकीत, धुऊन-पुसून उभी. इंजिन कोमट होतं. हाताला लागलं ते मला. मी स्वतःला सांगितलं, उन्हात उभी असेल. ऑक्टोबरच्या अल्बर्टात ऊन! साडेचार हजार डॉलर मोजले. रात्री बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवली तर त्यांनी विचारलं, "दात पाह्यले का?" मी हसलो. बाबा बैलबाजारात जायचे तेव्हा साळलेल्या शिंगांच्या, हिंगूळ लावलेल्या बैलाकडे ढुंकूनही पाहत नसत. बाजाराच्या दिवशी धुतलेलं जनावर घेऊ नये, म्हणायचे, त्याचा रोजचा मळ पाहावा. दोनदाती म्हणजे तरणा आहे की सगळे दात येऊन जुळलेला ते जबडा उघडून पाहायचे, मग बंडीला जुंपून चढावर चालवायचे. मी यातलं काहीच केलं नाही. तीन आठवड्यांत निळा धूर.

त्यातच कागद. नोंदणीला गेलो तर बिल ऑफ सेलवर माझं नाव उलटसुलट. पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. विकणाऱ्यानं आडनावाच्या जागी बाबांचं नाव लिहिलेलं. खिडकीवरची बाई म्हणाली, नवीन सही आणा. तोवर गाडी धूर सोडायला लागली होती. ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच दारात पुन्हा 140 किलोमीटर जाऊन नम्रपणे सही मागितली, आणि त्यानं कॉफी पाजली ती प्यालो. अजून आठवलं की कान तापतात. तुम्ही पैसे द्यायच्या आधी पासपोर्ट बघून नाव स्वतः लिहा, फ्रेमवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळवा, आणि त्या नंबरावर कर्ज आहे का ते रजिस्ट्री एजंटकडे, म्हणजे नोंदणी करतात तिथंच, थोड्या डॉलरात कळतं, ते पाहा. कर्जाची गाडी बँक तुमच्या अंगणातून नेते.

आता पोरांचं. यात मला उपदेशाचा अधिकार नाही, तरी ऐका. आपल्याकडे हिरो होंडावर चौघं बसतात, तीच सवय मी नेली. मुलीला मागं बसवून टेकाडावर चढवली. एटीव्हीची सीट लांब असते ती चालवणाऱ्याला पुढं-मागं सरकता यावं म्हणून, दुसऱ्या माणसासाठी नाही. चढावर मागं वजन पडलं, पुढचं उचललं, आम्ही दोघं गवतात. तिची हासळी मोडली. पाच वर्षांची होती. नंतर वाचलं की तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संस्था सोळाच्या आतल्या मुलांना एटीव्ही नकोच म्हणते. आधी वाचायला काय झालं होतं?

तरीही तुम्ही घ्याल, कारण सगळे घेतात. मग मोठी गाडी फक्त तुमची आणि वहिनींची, एका वेळी एकच जण. मुलांना त्यांच्या मापाची वेगळी. गाडीवर वयाचं लेबल असतं, सहाच्या पुढं, दहाच्या पुढं, तसं, ते पाहा. बसल्यावर पाय पायदानावर सपाट टेकले पाहिजेत, बोटं ब्रेकला पुरली पाहिजेत. मनगटाला बांधायची दोरी असते, पोरगं पडलं की इंजिन बंद, ती चालते का ते स्वतः ओढून पाहा. थ्रॉटलचा स्क्रू आवळून वेग कमी ठेवता येतो. नाव न ऐकलेल्या कंपनीची स्वस्त छोटी गाडी घेऊ नका, पार्ट मिळत नाहीत. हेल्मेट सगळ्यांना. आणि डांबरी रस्त्यावर नाही: टायरात हवेचा दाब कमी, पाच-सहा पीएसआय, बऱ्याच गाड्यांत मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, वळणावर उलटते. आपली पांदण असते तशी कच्ची वाट, तीच तिची जागा.

माझा मुलगा आता बारा वर्षांचा आहे. सोमवारी सांगायला त्याच्याकडे खूप असतं. पट खरा होता का, हे त्यानं या खेपेला इथं आल्यावर मला विचारलं. बैलांच्या कोठ्यात नेलं त्याला. पोळा झाल्यावर बाबांनी जोडी विकली, मला फोनवर सांगितलंही नव्हतं. झूल आणि घुंगरमाळ खुंटीला आहे. त्यानं माळ हलवून पाहिली आणि परत लावली.

तुम्ही पाठवलेला जाहिरातीतला फोटो बाबांना दाखवला. चष्मा लावून, बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला त्यांनी. म्हणाले, "ढोरायच्या कामाची गाडी म्हणतो ना तो? मंग चिखल कुठी गेला?"