घराच्या आवारात जमिनीतला स्विमिंग पूल बांधायचा आहे, सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की अलिबाग तालुक्यात घरामागे जागा आहे, घरात चार आणि सात वर्षांची मुलं आहेत आणि कॉन्ट्रॅक्टर लगेच खोदाई सुरू करू म्हणतोय. माझा सल्ला असा की खोदाईच्या आधी एक पावसाळा जाऊ द्या.

आम्हीही कोकणातच, जांभ्याच्या जमिनीत ८ मीटर बाय ४ मीटरचा पूल बांधला. खोदाई मे महिन्यात झाली. पाच-सहा फूट खाली गेलो तरी खड्डा कोरडा ठणठणीत, नुसती लाल धूळ उडत होती. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "इथे पाणी लागतच नाही." मलाही ते पटलं. काम पूर्ण झालं, पुढचा उन्हाळाभर मुलं पोहली. मग जुलैत पाऊस लागून राहिला, तीन दिवस वीज नव्हती, पंप बंद पडला आणि पाणी हिरवं झालं. पूर्ण रिकामा करून घासून घेऊ, असं सफाईवाल्याने सुचवलं आणि मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत उतरलो तर पायाखाली टाइल पोकळ वाजत होत्या. खोल बाजूच्या कोपऱ्यात तळ दोन बोटं वर आला होता आणि भिंतीच्या सांध्यातून बारीक धारेने पाणी बाहेरून आत येत होतं. शेजारच्या विहिरीत डोकावलो, तर पाणी जमिनीपासून जेमतेम हातभर खाली.

यामागचं गणित सोपं आहे. जमिनीतलं पाणी पूलच्या तळापेक्षा एक मीटर वर आलं, की ते तळाच्या प्रत्येक चौरस मीटरला एक टनाने वर ढकलतं. २० सेंटीमीटर जाडीच्या आरसीसी तळाचं स्वतःचं वजन चौरस मीटरला अर्धा टन. भरलेल्या पूलमधलं पाणी वरून दाबून धरतं म्हणून काही होत नाही. ते उपसलं की पूल होडीसारखा तरंगू पाहतो. म्हणून भर पावसाळ्यात पूल कधीही रिकामा करू नका. पाणी हिरवं झालं तर क्लोरीनचा जादा डोस, ब्रश, रात्रंदिवस फिल्टर आणि वरचेवर बॅकवॉश (फिल्टरमधून उलटं पाणी सोडून तो धुणं), एवढ्यावर ते निवळतं. चार-पाच दिवस लागतील, लागू द्या.

तुमचं काम अजून सुरू झालेलं नाही, त्यामुळे हे सगळं आधीच नीट करता येईल. ठरलेल्या जागी सहा-सात फुटांचा एक चाचणी खड्डा घ्या आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला त्यातलं पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते मोजून वहीत लिहा. जवळ विहीर असेल तर तिचंही मोजा. हे आकडे स्ट्रक्चरल इंजिनिअरला द्या. तळाची जाडी, सळई आणि भिंतींचं डिझाइन त्यानेच करावं, मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका. तळाखाली खडीचा थर हवा. सर्वांत खोल जागी हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवून घ्या, बाहेरचा दाब वाढला की तो उघडतो आणि तळ उचलण्याऐवजी पाणी आत येतं. शिवाय पूलच्या बाजूला तळाच्याही खाली जाणारा, भोकं पाडलेला सहा इंची पीव्हीसी पाइप उभा पुरा. त्यात दोरी सोडली की भूजल कुठे आहे ते कळतं, वेळ पडली तर पंप टाकून उपसताही येतं. आम्ही हा पाइप दुरुस्तीच्या वेळी घातला आणि त्यासाठी तयार फरशी फोडावी लागली.

टाइल लावायची घाई करू नका. वॉटरप्रूफिंग झालं की पूल काठोकाठ भरून आठवडाभर ठेवा आणि पातळीवर खूण करा. शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवा. बादलीतलं जेवढं उतरेल तेवढं बाष्पीभवन, पूलमधलं त्याहून जास्त उतरलं तर गळती आहे.

आकाराबद्दल विचारलंत. घरच्या चार-पाच जणांना ८ बाय ४ भरपूर होतो. सरासरी खोली १.३ मीटर धरली तर साधारण ४२ हजार लिटर पाणी लागतं, म्हणजे १० हजारी टँकरचे चार फेरे आणि वर थोडं. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलीमीटर उडालं तरी रोज १६० लिटर भरावं लागतं, ते कुठून येणार हे आत्ताच ठरवा. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन टाकताच सगळा पूल चहासारखा होतो, म्हणून पाणी आधी तपासून घ्या. जागा समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम लागू होतात, ती चौकशी इतर परवानग्यांच्या आधी करा.

आता मुलांविषयी, आणि इथे मी जरा आग्रहाने सांगतो. लहान मूल बुडताना ओरडत नाही. आवाज न होता, मिनिटा-दोन मिनिटांत सगळं संपतं. पूलच्या चारही बाजूंनी निदान चार फूट उंच कुंपण हवं, चढायला आडव्या पट्ट्या नसलेलं, आणि दार आपोआप बंद होणारं, कडी मुलांच्या हाताला न येणारी. घराची भिंत ही चौथी बाजू धरू नका, कारण मूल घरातूनच बाहेर येतं. पोहणं झालं की चेंडू, ट्यूब सगळं पाण्यातून काढून ठेवा, तेच त्यांना काठावर ओढून आणतं. तळाला सक्शनची तोंडं (पंप जिथून पाणी ओढतो ती) दोन घ्या, एकमेकांपासून लांब, घट्ट जाळ्यांची. एकच असेल तर त्यावर केस किंवा हात खेचला जाऊन अडकू शकतो. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, पंपाला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. क्लोरीन आणि ॲसिड वेगवेगळ्या कपाटांत ठेवा, एकत्र आले तर विषारी वायू सुटतो.

आणि तो चाचणी खड्डा घ्याल त्याच दिवशी त्याच्याभोवती कुंपण घाला. पहिल्या मोठ्या पावसात तो भरतो आणि गढूळ पाण्यात खोली दिसत नाही.