पट्टे आखले, तरी सायकली का दिसत नाहीत?

तुमचा प्रश्न असा की शहरात २० किलोमीटर सायकल मार्ग झाले, तरी त्यावर कुणी फिरकत नाही, मग लोकांनाच सायकल नकोशी झाली आहे का? गेली बावीस वर्षं मी रोज कामावर सायकलनेच जातो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. व्यायामासाठी पहाटे घट्ट कपडे घालून निघणाऱ्यांचं मी बोलत नाहीये. ते कुठूनही वाट काढतात. प्रश्न आहे तो पिशवी अडकवून दळण आणायला किंवा मुलीला कॅरिअरवर बसवून शाळेत सोडायला निघालेल्या माणसाचा.

आधी एक बघा, ते २० किलोमीटर सलग आहेत का? बहुतेक ठिकाणी रस्ता मुळात रुंद असतो तिथे पट्टा मारतात आणि चौक आला की तो गायब होतो. म्हणजे गरज नव्हती तिथे सोय झाली, आणि जीव मुठीत धरावा लागतो तिथे आपलं आपण बघायचं. सायकलवाल्यांचे बरेचसे गंभीर अपघात वळणाऱ्या गाडीशी होतात, आणि गाड्या वळतात चौकात.

डच लोकांनी हा चौक कसा सोडवला ते बघण्यासारखं आहे. कोपऱ्यावर एक छोटं बेट असतं, त्याला वळसा घालताना गाडीचा वेग आपोआप उतरतो. सायकलींचं क्रॉसिंग चौकाच्या तोंडापासून साधारण एका गाडीच्या लांबीइतकं आत घेतलेलं असतं. गाडी पूर्ण वळून होते आणि मगच सायकल तिच्यासमोर येते. ड्रायव्हरला ती आरशात शोधावी लागत नाही, थेट समोरच्या काचेतून दिसते. शिवाय गाडी तिथे थांबली तरी मागच्यांची वाट अडत नाही, म्हणून हॉर्नही वाजत नाहीत. यात ड्रायव्हरच्या चांगुलपणावर काहीच सोडलेलं नाही, आणि मला तेच आवडतं.

नुसत्या रंगाच्या पट्ट्याबद्दल माझं मत फार चांगलं नाही. उभ्या गाड्यांना चिकटून आखलेल्या अशाच एका पट्ट्यावरून नियमाने जात असताना माझ्या पुढ्यात एका गाडीचं दार उघडलं. तीन आठवडे हात गळ्यात होता. पट्ट्याबाहेरून गेलो असतो तर काही झालं नसतं! रंगाने गाडी अडत नाही, ती उंचवट्याने, कठड्याने किंवा झाडांच्या रांगेने अडते.

पण समजा, हे सगळं उत्तम केलं. तरी सायकली येतीलच असं नाही, आणि इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. इंग्लंडमधलं स्टिव्हनेज हे दुसऱ्या महायुद्धानंतर वसवलेलं शहर. एरिक क्लॅक्स्टन या अभियंत्याने तिथे रुंद, स्वतंत्र सायकल मार्ग बांधून घेतले, मोठ्या रस्त्यांखालून भुयारी वाटा काढल्या. आजही कुणाला हेवा वाटावा असं जाळं. पण गाड्यांसाठीही तितकेच प्रशस्त रस्ते आणि मुबलक पार्किंग होतं. लोकांनी गाडीच काढली.

उलट ग्रोनिंगेन. नेदरलँड्समधल्या या शहराने १९७७ साली मध्यवस्तीचे चार भाग पाडले. एका भागातून दुसऱ्या भागात गाडीने थेट जाता येईना, बाहेरच्या वळणरस्त्यापर्यंत जाऊन परत आत यावं लागे. सायकलला मात्र सरळ वाट. दुकानदारांनी भरपूर आरडाओरडा केला, पण योजना टिकली, आणि आज हे शहर सायकलींचंच म्हणून ओळखलं जातं. तिथे कुणी पर्यावरणासाठी सायकल काढत नाही, ती लवकर पोचवते म्हणून काढतात. नुसती सायकलची सोय करून भागत नाही, गाडीची थोडी गैरसोय करावी लागते. हे निवडणुकीच्या तोंडावर कोण बोलणार? म्हणून पट्टे मारतात.

गल्लीबोळांत तर वेगळ्या मार्गाचीही गरज नसते, वेग उतरवला की झालं. ताशी ५०ने येणाऱ्या गाडीच्या धडकेत ३०च्या गाडीपेक्षा जवळपास पावणेतीन पट ऊर्जा असते. ब्रसेल्स आणि पॅरिसने २०२१ मध्ये जवळपास सगळ्या शहरात ३०ची मर्यादा लावली. अर्थात नुसती पाटी लावून काही होत नाही, रस्ताच अरुंद आणि वळणाचा करावा लागतो.

हवामानाची सबब मला पटत नाही. फिनलंडमधल्या औलूत लोक बर्फातही सायकल चालवतात, कारण सायकल मार्गावरचा बर्फ वेळेवर काढला जातो. आणि उन्हाचं म्हणाल तर सेव्हिल बघा. स्पेनमधलं हे शहर उन्हाळ्यात चाळिशी पार करतं. २००६च्या सुमारास तिथे शहरातल्या एकूण फेऱ्यांत सायकलच्या फेऱ्या १ टक्काही नव्हत्या. मग पार्किंगची जागा काढून घेऊन, कठड्याने वेगळे केलेले आणि एकमेकांना जोडलेले सुमारे ८० किलोमीटर मार्ग थोड्या काळात एकदम बांधले. काही वर्षांत हा वाटा ६ टक्क्यांच्या आसपास गेला. ‘एकदम’ हे महत्त्वाचं. दोन किलोमीटर बांधून ‘बघू प्रतिसाद कसा येतो’ म्हणणं म्हणजे अर्धा पूल बांधून माणसं मोजत बसणं. चढाचा प्रश्न मात्र खरा आहे, पण बॅटरीवरच्या सायकलींनी तो बराच सोपा केला आहे.

सायकल ठेवायची कुठे, हेही कुणी विचारत नाही. रोज तीन जिने सायकल उचलून न्यायची असेल तर महिन्याभरात ती गच्चीत गंजायला लागते. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तच्या रेल्वे स्टेशनाखाली १२,५०० सायकलींचा तळ आहे आणि पहिले २४ तास फुकट. तुमच्या स्टेशनावर निदान खांबाला कुलूप लावू देतात का?

आता तुमच्या २० किलोमीटरांचं. एका रविवारी स्वतः सायकलवरून सगळे तुकडे फिरा. पट्टा कुठे संपतो, कुठे त्यावर गाड्या उभ्या असतात, कुठे उतरून सायकल ढकलावी लागते, त्या प्रत्येक जागेवर नकाशात लाल फुली मारा. निवेदनात ‘आणखी मार्ग हवेत’ असं लिहू नका. तो नकाशा जोडा आणि सर्वांत वाईट तीन चौक आधी मागा.