ईयोबाची खारी भाजी आणि गिलगालचं पातेलं

‘वाचक विचारतात’मध्ये या वेळी सोलापूर जिल्ह्यातून आलेले तीन प्रश्न घेतले आहेत. तिन्ही प्रश्न हिब्रू शास्त्रातल्या, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातल्या, रानभाज्यांचे आहेत.

प्रश्न : ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या अभ्यासगटात ईयोबाच्या पुस्तकाचा ३० वा अध्याय वाचायचा आहे. चौथ्या वचनात हाकलून दिलेले लोक झुडपांपाशी खारट भाजी तोडून खातात. ही भाजी नक्की कोणती? त्या संध्याकाळी पंधरा जणांसाठी ती रांधायची आहे. सोलापुरात काय वापरावं? (जुळे सोलापूर)

उत्तर : हिब्रूत तिचं नाव ‘मल्लुआख’. मिठाला तिथे ‘मेलाख’ म्हणतात, त्यामुळे बहुतेक अभ्यासक ती अ‍ॅट्रिप्लेक्स हॅलिमस हे झुडूप मानतात. मृत समुद्राच्या काठी, नेगेव वाळवंटात, जिथे जमीन खारवटलेली असते तिथे ते कमरेपासून डोक्याएवढं वाढतं. पानं करडी, चंदेरी. हा चंदेरीपणा पानाच्या रंगाचा नाही. पानावर बारीक केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला पाण्याचा फुगा. मुळांनी ओढलेलं जादा मीठ झाड या फुग्यांत नेऊन ठेवतं. फुगे फुटून वाळले की पानावर मिठाचा पातळ थर उरतो. त्यामुळे पान धुतलं की खारटपणा थोडा उतरतो, पण पूर्ण जात नाही. जुन्या इंग्रजी भाषांतरात इथे ‘मॅलो’ म्हणजे भेंडी-अंबाडीच्या कुळातली भाजी घातली आहे. तीही त्या देशात खातात, १९४८ मध्ये जेरुसलेमला वेढा पडला तेव्हा लोकांनी माळावरून तीच खुडून आणली होती. पण ती खारट नसते, त्यामुळे या वचनाला ती बसत नाही.

ते झुडूप आपल्या बाजारात मिळणार नाही. जवळची भाजी म्हणजे चाकवत, आणि ती त्याच कुळातली आहे. चाकवताचं कोवळं पान उलटं करून अंगठ्याने घासा, बोटाला पिठासारखी भुकटी लागेल. ती याच जातीच्या फुग्यांची असते, फक्त त्यात मीठ फारसं नसतं. मंडईत चंदनबटवा मिळाला तर तो आणखी जवळचा, कारण तो अ‍ॅट्रिप्लेक्सच आहे. उपवासकाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतो, तेव्हा चाकवत निबर व्हायला लागलेला असतो. तुरे आलेल्या जुड्या घेऊ नका.

पंधरा जणांना भाकरीबरोबर पुरायची तर निवडलेली पानं दीड किलो हवीत. म्हणजे देठांसकट अडीच किलोच्या आसपास घ्या, शिजल्यावर भाजी फार बसते. पाच लिटर पाणी खळखळ उकळू द्या, पानं दोन घाण्यांत टाका, झाकण न ठेवता तीन मिनिटं शिजवा, चाळणीत उपसा आणि गार झाल्यावर मुठीने घट्ट पिळा. ते पाणी फेकून द्या. या कुळातल्या पानांत ऑक्झॅलेट असतं, त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं. पिळायचा कंटाळा केला की दातांना खरखर लागते. मीठ उकळत्या पाण्यात घालू नका, ते पाण्याबरोबरच जाईल. पिळलेल्या भाजीत सपाट तीन चहाचे चमचे चोळून लावा. नेहमीपेक्षा किंचित जास्त होईल, आणि तेच हवं आहे. रक्तदाबाच्या माणसांसाठी आधी वेगळी काढा. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ही भाजी चाखण्यापुरतीच घ्यावी. फोडणी, लसूण, शेंगदाण्याचं कूट यांतलं काही नको. लोक कुरकुर करतील, करू द्यात. त्या वचनातल्या माणसांकडे तेल नव्हतं.

अर्थ समजायला त्या अध्यायाची पहिली आठ वचनं एका दमात वाचा. एके काळचा श्रीमंत आणि आता सगळं गमावलेला ईयोब म्हणतो, ज्यांच्या बापांना मी माझ्या मेंढरांच्या कुत्र्यांबरोबरही बसवलं नसतं, त्यांची पोरं आज मला हसतात. ती माणसं भुकेने वाळलेली, चोरासारखी गावाबाहेर हाकललेली, झुडपांत राहणारी. खारी भाजी ही त्यांच्या पायरीची खूण आहे. ईयोबाच्या बोलण्यात कणव कमी आणि जुना तोरा जास्त आहे, असं आमचं मत. गटात यावर जरूर बोला. त्याच वचनात पुढे रतम झुडपाची मुळं येतात. ती मात्र कुणी रांधायला जाऊ नये, त्या झुडपात विषारी द्रव्यं आहेत. मुळांपुढचा हिब्रू शब्द ‘त्यांची भाकर’ असाही वाचता येतो आणि ‘ऊब घेण्यासाठी’ असाही. रतमचा कोळसा खूप वेळ धगधगतो, १२० व्या स्तोत्रात त्याचे निखारे येतात. त्यामुळे ऊब हा अर्थ आम्हाला जास्त पटतो.

हीच भाजी तालमूद या यहुदी धर्मग्रंथात सोन्याच्या मेजापाशी पोचते. किद्दुशीन या भागात ६६ व्या पानावर गोष्ट आहे. यहुद्यांचा यन्नई राजा (ख्रिस्तपूर्व १०३ ते ७६) वाळवंटातली साठ गावं जिंकून आला आणि त्याने पंडितांना जेवायला बोलावलं. आपले पूर्वज मंदिर बांधत होते तेव्हा खारी भाजी खात, त्यांची आठवण म्हणून आपणही खाऊ, असं म्हणून त्याने ती सोन्याच्या मेजांवर वाढली. पुढे त्याच पंगतीत भांडण पेटलं आणि पंडितांवर तलवार चालली. ईयोबाकडे जी हलाखीची खूण, ती इथे राजाच्या मिरवण्याची वस्तू झाली. गटात दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचा.

प्रश्न : २ राजे, चौथ्या अध्यायात अलीशा संदेष्ट्याच्या शिष्यांच्या पातेल्यात ‘मरण’ होतं. आमच्या माळावर इंद्रावणाचे वेल आहेत. तेच का ते? आणि पीठ घातल्याने विष खरंच उतरतं का? (मंगळवेढा)

उत्तर : बहुतेक सर्वांचं मत तेच आहे, कडू इंद्रावण. गिलगालमध्ये दुष्काळ होता. एक जण पाला आणायला रानात गेला, रानवेल दिसला, त्याची फळं ओटीभर आणली आणि न ओळखता पातेल्यात चिरली. (तो जो पाला आणायला निघाला होता, तो तालमूदमध्ये रब्बी मेईर यांनी ‘गरगीर’ म्हटलेला, म्हणजे मोहरीच्या कुळातली तिखट पालेभाजी.) इंद्रावण कलिंगडाच्या जातभाईंतलं आहे. पान तसंच खोल कातरलेलं, फळ चेंडूएवढं, हिरव्यावर फिकट पट्टे, पिकलं की पिवळं. भुकेल्या नवख्या माणसाला ते लहान कलिंगड वाटणं साहजिक आहे. आपल्याकडे गोंधळ शेंदाडाशी होतो. शेंदाडाचं पान जवळजवळ गोल, कातरे उथळ, आणि पिकलेल्या फळाला वास सुटतो. इंद्रावणाला तसा वास नाही.

कडूपणा कुकुर्बिटॅसिनचा असतो. हे द्रव्य उकळून मरत नाही. आतड्याला सूज येते, जुलाब होतात, रक्तही पडतं. पिठाने ते निष्प्रभ होत नाही. ४१ व्या वचनात अलीशा पातेल्यात पीठ टाकतो, ते चमत्कार म्हणून सांगितलेलं आहे, स्वयंपाकघरातला उतारा म्हणून नाही. हेच द्रव्य कधीकधी दुधी भोपळ्यात आणि काकडीत उतरतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने कडू दुधीच्या रसाबाबत स्पष्ट इशारा दिला आहे. चिरण्याआधी टोकाचा तुकडा जिभेला लावा, कडू लागला तर थुंका आणि अख्खं फळ टाका. गूळ, चिंच घालून कडूपणा झाकू नका. रसानंतर उलटी-जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखान्यात जा. गिलगालच्या शिष्यांनी पहिल्या घासालाच आरडाओरडा केला आणि खाणं थांबवलं, एवढं मात्र त्यांचं अनुकरण करण्यासारखं आहे.

प्रश्न : ईयोब ६:६ मध्ये माझ्या प्रतीत ‘अंड्याचा पांढरा बलक’ आहे. एका इंग्रजी प्रतीत तिथे घोळीची भाजी दिसली. असं कसं? (बार्शी)

उत्तर : मूळ शब्द तिथे एकदाच येतो, म्हणून कुणी अंडं म्हणतं, कुणी बुळबुळीत पानांची भाजी. वचनाचा रोख दोन्हींत एकच राहतो, बिनमिठाचं गिळगिळीत अन्न घशाखाली उतरत नाही. घोळ अळणी शिजवून पाहा, तक्रार लगेच कळेल. ती भोवतालच्या कांद्याच्या वाफ्यांत भरपूर येते, पण तणनाशक मारलेल्या वाफ्यातली घेऊ नका. सकाळी खुडलेली घोळ जास्त आंबट असते, कारण ही वनस्पती रात्री आम्ल साठवते आणि दिवसा वापरते. तीन-चार पाण्यांत धुवा, खोडाच्या पेरांत माती अडकते. बुळबुळीतपणा आंबटाने तुटतो, म्हणून वाटीभर ताकात चमचाभर डाळीचं पीठ कालवून शेवटी घाला, आणि मीठ त्यानंतर. ताक आधी घातलं तर फाटतं. खुडताना प्रत्येक वेलाची एक काडी मोडा. पांढरा चीक आला तर ते जमिनीला चिकटून पसरणारं दुधी नावाचं तण आहे, घोळ नव्हे. ते टोपलीत जाऊ देऊ नका.