कागदावर १३,५०० शिल्लक, खात्यात शून्य : एसआयपी थांबवावी का?

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो, दोघंही नोकरी करतो. हाती मिळून १,०८,००० येतात. घराचा हप्ता ३३,०००, किराणा-दूध-भाजी, पेट्रोल, कामवाल्या मावशी, वीज-गॅस-मोबाइल, बाहेरचं खाणं आणि सासू-सासऱ्यांना पाठवायचे पैसे धरून घरखर्च ४६,५००, एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा आपोआप जाणारा हप्ता) १०,००० आणि क्रेडिट कार्डाला साधारण ५,०००. म्हणजे १३,५०० उरायला हवेत, पण उरत नाहीत. कार्डावर ८६,००० थकले आहेत. एफडी १,२०,००० ची आहे, ती अडीअडचणीसाठी. मिस्टर म्हणतात एसआयपी बंद करून कार्ड फेडू. मी म्हणते आधी बजेट नीट बसवू. वर्षभराचं बँकेचं आणि कार्डाचं स्टेटमेंट, आणि खर्च नोंदवणाऱ्या ॲपमधली यादी सोबत पाठवते आहे.

उत्तर : एसआयपी थांबवायची, हे मिस्टरांचं बरोबर. पण तो पैसा कार्डाकडे न्यायचा नाही. कार्ड एफडीतून फेडायचं, आणि तेही याच आठवड्यात. बजेटचं तुमचं म्हणणंही खरं, फक्त तुम्ही हिशेब महिन्याचा मांडला आहे आणि खड्डा वर्षाचा आहे.

तुमच्या यादीत एकदाही न आलेले खर्च स्टेटमेंटमधून वेगळे काढले. शाळेची फी ६४,००० (जून आणि नोव्हेंबर, दोन हप्ते), सोसायटीचा मेंटेनन्स दर तिमाहीला ७,५०० म्हणजे ३०,०००, आरोग्य विमा २६,०००, दिवाळी २२,०००, टर्म विमा १५,०००, गणपतीला गावी जाणं १४,०००, गाडीचा विमा ११,०००, मिळकतकर ९,०००, लग्नाकार्यातले आहेर ९,०००, गाडीचं सर्व्हिसिंग ८,०००. बेरीज २,०८,०००. बाराने भागा : महिन्याला १७,३३३.

तुमची कागदावरची शिल्लक १३,५००. म्हणजे दरमहा ३,८३३ ची खोट आहे आणि ती कार्डाने भरून निघते आहे. शाळेची फी कार्डावर गेलेली दिसतेच. चहा-वडापाव आणि ऑनलाइन मागवलेल्या बिर्याणीवर संशय घेणं सोपं असतं. तुमच्या घरात तरी चोर तो नाही. बाहेरच्या खाण्याचे ८,००० सहावर आणलेत तरी नोव्हेंबर तुम्हाला पुन्हा कार्डाकडेच ढकलेल.

आता कार्ड. महिना ३.५ टक्के व्याज धरलं (नेमका दर बिलावर छापलेला असतो, तो बघून घ्या), तर ८६,००० वर ३,०१० व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ५४२, एकूण ३,५५२. तुमच्या ५,००० पैकी मुद्दलात जातात १,४४८, आणि सरासरी ३,८३३ नव्याने चढतात. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. स्वाइप केल्या दिवसापासून व्याज सुरू.

मिस्टरांच्या हिशेबाने महिना १५,००० भरले आणि कार्ड अजिबात वापरलं नाही, तरी सातवा महिना उजाडतो. त्यापेक्षा साडेसहा टक्क्यांच्या एफडीवर महिन्याला साधारण ४६६ रुपये व्याज सोडा आणि ३,५५२ वाचवा. मुदतीआधी मोडल्याचा अर्धा-एक टक्का दंड धरला तरी तुलनाच होत नाही. काही बँकांत एफडी अर्धवट मोडता येत नाही. तसं असेल तर पूर्ण मोडा आणि उरलेल्या ३४,००० ची नवी करा. कार्डाच्या ॲपमध्ये त्या दिवशीची एकूण थकबाकी बघून तेवढी भरा, बिलावरची ‘किमान रक्कम’ नव्हे. पुढच्या बिलात थोडं व्याज तरीही येईल, बिलाच्या तारखेपासून भरण्याच्या दिवसापर्यंतचं. ते आलं म्हणून बँकेशी भांडू नका, भरून टाका. एक बिल शून्याचं येईपर्यंत कार्ड कपाटात.

कार्डाचे ५,००० सुटले की १३,५०० चे १८,५०० होतात. त्यातून वार्षिक खर्चांचे १७,३३३ वजा करा, उरतात १,१६७. एसआयपीचे दहा हजार मिळवले तर ११,१६७. सगळं तंतोतंत बसतं असं वाटेल, पण एफडीत आता फक्त ३४,००० आहेत, म्हणजे घराचा एक हप्ता. दोन नोकऱ्या असल्या तरी हे फार थोडं आहे. म्हणून एसआयपी थांबवायची ती एफडी परत भरण्यासाठी, साधारण नऊ महिने. जमलेली युनिट्स तशीच राहू द्या. फंडाची ‘पॉज’ सोय नऊ महिन्यांची नसली, तर रीतसर बंद करून नंतर नवी सुरू करा. खात्यात पैसे न ठेवता हप्ता परत जाऊ देणं ही काटकसर नव्हे, दर वेळी बँक दंड कापते.

१७,३३३ साठी वेगळं बचत खातं उघडा. त्याचं एटीएम कार्ड घेऊ नका, यूपीआय जोडू नका. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळते होतील अशी सूचना बँकेला द्या. लोक इथेच एक चूक करतात : बाराने भागलेला आकडा वर्षाअखेर बरोबर येतो, मधे नाही. जानेवारीपासून सुरू केलंत तर जानेवारीत मेंटेनन्स, फेब्रुवारीत टर्म, मार्चमध्ये आरोग्य विमा, एप्रिलमध्ये पुन्हा मेंटेनन्स, मेमध्ये मिळकतकर आणि आहेर असं देत देत जूनच्या फीला २,००२ रुपये कमी पडतील. नोव्हेंबरमध्ये दिवाळी आणि दुसरा हप्ता एकत्र आले की ९,३३७ कमी. म्हणून पहिल्या महिन्याचे एसआयपीचे दहा हजार या खात्यात टाकून ठेवा, ते जेमतेम पुरतात. दुसऱ्या महिन्यापासून ते एफडीकडे वळवा.

रोजच्या नोंदीबद्दल. तुमचं ॲप बँकेचे मेसेज वाचून खर्च लावतं, आणि त्यात तीन गोंधळ आहेत. कार्डावरची खरेदी एकदा धरली जाते आणि बिल भरलं की तीच पुन्हा. मिस्टरांनी तुम्हाला पाठवलेले पैसे त्यांच्याकडे खर्च आणि तुमच्याकडे उत्पन्न म्हणून दिसतात. तिसरा यूपीआय लाइटचा : पिन न टाकता केलेले छोटे व्यवहार पासबुकात येत नाहीत, फक्त लाइटमध्ये भरलेली रक्कम दिसते, आणि ती ‘इतर’मध्ये जाऊन बसते. भाजीवाला, रिक्षा, दूध सगळं तिथेच. दोन महिने लाइट बंद ठेवा, म्हणजे प्रत्येक व्यवहार नावासकट दिसेल. एटीएममधून काढलेली रोकड मात्र वहीतच लिहावी लागेल.

रकाने दहाच्या वर नेऊ नका. सुपरमार्केटच्या बिलातून साबण वेगळा आणि डाळ वेगळी काढत बसणारी वही तिसऱ्या आठवड्यात बंद पडते. पूर्ण बिल किराण्यात. दर रविवारी वीस मिनिटं दोघांनी मिळून बसायचं आणि पन्नासच्या पटीत लिहायचं. बाहेरच्या आठ हजारांतून दोघांना प्रत्येकी दीड हजार असे द्या, ज्यांचा हिशेब कुणी विचारणार नाही.

दोन जागी आकडे हलतील. जुनी करप्रणाली निवडली असेल आणि गुंतवणुकीचे पुरावे ऑफिसात वेळेवर दिले नाहीत, तर जानेवारी ते मार्च टीडीएस (पगारातून कापला जाणारा कर) जास्त कापला जातो आणि १,०८,००० येत नाहीत. दुसरं, उन्हाळ्यात पंखा-एसीमुळे वीजबिल वाढतंच, आणि महावितरण बहुधा एप्रिल-मेच्या सुमारास अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल पाठवतं. हे बिल वार्षिक यादीत अकरावं लिहून ठेवा, यंदाचा आकडा मागच्या बिलावरून घ्या. शाळेची फी वाढल्याचं पत्रक आलं, की त्याच दिवशी १७,३३३ चा आकडा बदला आणि बँकेतली सूचनाही.