रेघा मारायला इंजिनिअर कशाला?

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका त्वचारोगतज्ज्ञांकडे बोटॉक्सचं इंजेक्शन देताना तिने पाहिलं आणि तेव्हापासून सिरिंजवरच्या खुणांनी तिला झपाटलंय. तिथे इन्शुलिनची सिरिंज वापरत होते आणि तिच्यावरचे आकडे औषधाच्या आकड्यांशी जुळत नव्हते. म्हणून बोटॉक्सची युनिट्स थेट छापलेली सिरिंज करायचा प्रकल्प तिने घेतलाय. पुढेही यातच जायचं म्हणते. नळीवर रेघा मारायला इंजिनिअर कशाला लागतो? शिवाय हे चैनीचं काम, उद्या फॅशन बदलली तर? तिला समजवावं की जाऊ द्यावं?

उत्तर : नमस्कार. समजवायचं की जाऊ द्यायचं ते नंतर बघू. आधी ती रेघच जवळून बघू, तुमचा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

एक मिलिलिटरची बारीक सिरिंज हातात घ्या. तिच्यावरची मोजपट्टी साधारण ५७ मिलिमीटर लांब असते. म्हणजे ०.०१ मिलिलिटरच्या वाट्याला येतो जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि त्यातही रेघेची स्वतःची जाडी आलीच. रेघ बाहेरून छापलेली, दट्ट्याचं रबर आत सरकणारं, मध्ये प्लास्टिकची भिंत. डोळा जरा तिरपा झाला की आकडा बदलला. रबराचा कुठला भाग रेघेशी जुळवायचा हेही नवख्याला माहीत नसतं: पुढचं टोक नव्हे, नळीला घट्ट टेकलेली पुढची कड. सिरिंजच्या पॉलिप्रॉपिलीनवर शाई सहजासहजी धरत नाही, म्हणून छपाईआधी ज्योत, कोरोना (विषाणू नव्हे, विजेचा झोत) किंवा प्लाझ्मा फिरवून पृष्ठभाग तयार करावा लागतो. तसं केलं नाही, तर स्पिरिटने ओला झालेला हातमोजा दोनदा फिरला की ‘३’ चा ‘२’ वाटायला लागतो.

मग रेघांना जागा वाढवून द्या की, असं तुम्ही म्हणाल. नळीचा आतला व्यास निम्मा केला तर तेवढ्याच औषधाला चौपट लांबी मिळते. पण दट्ट्यालाही चौपट अंतर कापावं लागतं, मागे ओढलेल्या दट्ट्यापर्यंत अंगठा पोचत नाही आणि हात हलतो. हात हलला की सुई हलते. रेघ, व्यास, अंगठा आणि शाई यांचा एकत्र मेळ घालणं हे मेकॅनिकल इंजिनिअरचंच काम आहे.

आता तिच्या प्रकल्पाबद्दल. युनिट्स थेट छापायची कल्पना मला वाचल्यावाचल्या आवडली आणि जरा विचार केल्यावर धास्तीच वाटली. बोटॉक्स कुपीत कोरडं येतं, सलाईन घालून ते पातळ करावं लागतं. शंभर युनिटच्या कुपीत २.५ मिलिलिटर सलाईन घातलं की ०.१ मिलिलिटरमध्ये ४ युनिट येतात. भुवयांमधल्या आठ्यांसाठी नेहमीचा डोस २० युनिटचा, पाच जागी चार-चार, म्हणजे एकूण ०.५ मिलिलिटर. इन्शुलिनच्या यू-१०० सिरिंजवर, म्हणजे एका मिलिलिटरला १०० युनिट छापलेल्या सिरिंजवर, ही जागा ‘५०’ या आकड्यापाशी येते. कुणी घाईत ‘२०’ वर थांबलं तर रुग्णाला ८ युनिटच मिळतील. तुमच्या मुलीला खटकलं ते हेच, आणि ते खटकायलाच हवं होतं.

गंमत अशी की यू-४० ची सिरिंज घेतली तर याच द्रावणासाठी प्रत्येक आकडा अगदी बरोबर जुळतो, कारण ४० युनिटला एक मिलिलिटर हा दोन्हीकडचा हिशोब योगायोगाने सारखाच आहे. पण दुसऱ्या डॉक्टरांनी त्याच कुपीत २ मिलिलिटरच सलाईन घातलं, तर तीच सिरिंज ‘२०’ वर असताना २५ युनिट देईल. शिवाय युनिट हे ज्या-त्या औषधाचं स्वतःचं असतं. बोटॉक्सला जिथे २० युनिट लागतात तिथेच डिस्पोर्ट या तशाच दुसऱ्या औषधाचा ठरलेला डोस ५० युनिटचा आहे, आणि एकाचं युनिट दुसऱ्याला चालत नाही. म्हणजे सिरिंजवर कायमचं ‘युनिट’ छापणं म्हणजे कुपीत किती सलाईन पडलंय ते न बघताच बोलणं. नळीला फक्त आकारमान कळतं, औषधाची ताकद तिला कळत नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, जुलै २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड या मधुमेह आणि वजनावरच्या औषधाच्या कुप्यांबद्दल इशारा दिला होता, तोही असाच. मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट यांच्या गोंधळात काही रुग्णांनी ठरल्यापेक्षा पाच ते वीस पट औषध टोचून घेतलं होतं.

यावर तिने प्रकल्प सोडावा असं मी म्हणत नाही. उलट प्रकल्पाचा प्रश्न आता खरा झाला. मिलिलिटरची स्वच्छ पट्टी कायम ठेवून एका औषधाची आणि एका द्रावणाची वेगळी चिकटपट्टी देता येईल का? ती चुकीच्या सिरिंजवर चिकटली तर काय होईल? हे प्रश्न तिने माझ्याऐवजी तिच्या गाइडला विचारावेत.

फिलर्सचं, म्हणजे चेहऱ्यावरचे खळगे भरायच्या इंजेक्शनांचं, प्रकरण निराळं. हायलुरोनिक आम्लाची ती जेल भरलेल्या सिरिंजमध्येच येते, दाट असते, आणि एका जागी थोडी-थोडी, सावकाश सोडावी लागते. चुकून धमनीत गेली तर रक्तपुरवठा तुटतो. अशा वेळी डॉक्टरांची नजर सिरिंजवर नसते, चेहऱ्यावर असते. सिरिंज तिरकी, कधी उलटी, अर्धी पट्टी बोटांखाली. टेबलावर सुंदर दिसणारी पट्टी इथे निरुपयोगी ठरू शकते. माझ्या मते या क्षेत्राचं मर्म हेच: वाचणारा खुर्चीत निवांत बसलेला नाही.

या मर्माला व्यवसायात नाव आहे, ह्यूमन फॅक्टर्स किंवा युजेबिलिटी इंजिनिअरिंग. ‘सिरिंजवरच्या रेघांचा तज्ज्ञ’ अशी जाहिरात तुम्हाला कुठेच दिसणार नाही. पण युजेबिलिटी इंजिनिअर, डिव्हाइस डेव्हलपमेंट, ड्रग डिलिव्हरी, डिझाइन क्वालिटी या नावांची पदं सिरिंज बनवणाऱ्यांकडे, औषध कंपन्यांच्या उपकरण विभागात आणि चाचण्या करून देणाऱ्या सल्लागार संस्थांत असतात. मेकॅनिकलची पदवी त्यासाठी पुरेशी आहे. वर बायोमेडिकल, प्रॉडक्ट डिझाइन किंवा अर्गोनॉमिक्समधलं पदव्युत्तर शिक्षण जोडलं तर दार लवकर उघडतं. फार्मसीवाली मुलंही इथे येतात, पण त्यांना मोल्डिंग (साच्यातून प्लास्टिक घडवणं) आणि टॉलरन्स (मापातली चालण्याजोगी चूक) नव्याने शिकावे लागतात. तुमच्या मुलीकडे ते आयतेच आहेत.

काम कसं असतं तेही सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला बोल लावणार नाही. संथ असतं. एक रेघ जाड करायची तर जोखमीची फाइल उघडा, छपाईचा साचा बदला, पुन्हा चाचणी घ्या. एफडीएच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे अंतिम चाचणीत प्रत्येक प्रकारच्या वापरकर्त्यांपैकी किमान पंधरा जण बसवावे लागतात, आणि ते चुकतात कुठे हे मध्ये न बोलता बघत राहावं लागतं. ज्यांना दर महिन्याला नवी वस्तू बाजारात बघायचीय त्यांनी इकडे फिरकू नये.

चैनीचं म्हणाल, तर बोटॉक्सला पहिली मान्यता १९८९ मध्ये मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. आठ्यांसाठीची मान्यता आली २००२ मध्ये. आणि मुलगी जे शिकेल ते चेहऱ्यापुरतं राहणार नाही. डोळ्याच्या आत द्यायच्या कित्येक इंजेक्शनांचा डोस ०.०५ मिलिलिटर असतो. तान्ह्या बाळांचे डोस, इन्शुलिन, लसी, सगळीकडे प्रश्न हाच. फॅशन बदलली तरी तिचं कौशल्य पडून राहणार नाही, फक्त तिने स्वतःची ओळख ‘बोटॉक्सच्या सिरिंजवाली’ अशी करून घेऊ नये.

तेव्हा समजवण्यापेक्षा तिला एक काम द्या. एक मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिळेल. ०.१ मिलिलिटर पाण्याचं वजन जवळजवळ १०० मिलिग्रॅम भरतं. एक मिलिलिटरच्या सिरिंजने ०.१ चे वीस डोस सोडून प्रत्येक वेळी वजन घ्यायचं, मग हेच ०.३ किंवा ०.५ मिलिलिटरच्या सिरिंजने. आयएसओ ७८८६-१ या मानकानुसार निम्म्याहून कमी भरलेल्या छोट्या सिरिंजला पूर्ण क्षमतेचा दीड टक्का आणि सोडलेल्या औषधाचे दोन टक्के मिळून होईल इतकी चूक माफ असते. हिशोब करा: एक मिलिलिटरच्या सिरिंजने ०.१ सोडताना ०.०१७ मिलिलिटर, म्हणजे सतरा टक्के. अर्ध्या मिलिलिटरच्या सिरिंजला हीच सूट ०.००९५ वर येते. लहान डोसला लहान सिरिंज का, हे तिला कुणी सांगावं लागणार नाही. शेवटी सुईच्या बुडाशी किती पाणी अडकून राहतं तेही तोलायला सांगा. तिथे ०.०७ मिलिलिटर अडकलं तर वरच्या द्रावणाची जवळपास तीन युनिट वाया गेली. रेघेवरून मोजलेला डोस त्याने चुकत नाही, पण औषध फुकट जातं.

वीस-वीस वजनांनंतरही तिला कंटाळा आला नाही, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. मग तो तक्ता मला पाठवा. आणि मोजायला एखादी डावखुरी मैत्रीणही बसवा, तिच्या हातात पट्टीवरचे आकडे कुठल्या बाजूला जातात ते मला बघायचंय.