बिलावरची तारीख आधी बघा, बोनेट नंतर उघडा

नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या एका वाचकाचं पत्र आहे. केटरिंगचं सामान नेणारी अकरा वर्षांची डिझेल व्हॅन. बुटीबोरीकडे भरून निघाली की ‘गाडी दमच सोडून देते’ आणि साठच्या वर गेली की सीटपर्यंत थरथरते. गॅरेजवाल्याने सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चारही नोझल बदलले, ६८ हजार घेतले, आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. तेव्हापासून तो ‘आणा ना, करून देऊ’ म्हणून राहिला आणि हे जाऊन राहिले. आता वाडीचा दुसरा मिस्त्री म्हणतो, डिझेलचा पंप उतरवावा लागेल. पहिल्याकडून पैसे परत मिळतील का, असा प्रश्न आहे. गाडीचं नाव बदललं तर अशी पत्रं माझ्याकडे वरचेवर येतात.

पैसे घेऊन काम नीट केलं नाही तर ती सेवेतली त्रुटी, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण पत्राच्या शेवटाकडे तुम्ही सहज लिहून गेलात की बिल २२ महिन्यांपूर्वीचं आहे. तुमचं सगळं प्रकरण त्या एका ओळीत आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. ‘कारण’ बिलाच्या दिवशी घडलं की थरथर परत आली त्या दिवशी, यावर वकील हवा तेवढा वाद घालतील. तुम्ही बिलाची तारीख धरा. म्हणजे हातात जेमतेम दोन महिने. गॅरेजवाल्याची तोंडी आश्वासनं आणि तुमचे हेलपाटे यांनी ही मुदत वाढत नाही. नोटीस पाठवली म्हणूनही वाढत नाही. उशीर माफ करण्याचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे, पण त्यासाठी पुरेसं कारण दाखवावं लागतं, आणि ‘तो करून देतो म्हणाला होता’ एवढ्यावर मी पैज लावणार नाही. मुदत हुकलीच तर तीन वर्षांच्या मुदतीतला दिवाणी दावा उरतो. तो किती वर्षं चालेल ते विचारू नका.

बिलावर सहा महिन्यांची वॉरंटी छापली होती, ती संपली म्हणून तुम्ही गप्प बसलात. वॉरंटी वेगळी, तक्रारीची मुदत वेगळी. बिघाड पंधरा दिवसांत परत आला, म्हणजे वॉरंटीतच आला. तेव्हा एक ओळ लिहून द्यायला काय हरकत होती? जुने नोझल त्याच्याकडेच सोडून आलात, तेही भंगारात पाचशे रुपये कमी करून मिळतात म्हणून. असो.

आता गाडीकडे येतो, कारण पुरावा तिच्या पोटात आहे. वाडीच्या मिस्त्रीला पंपाला हात लावू देऊ नका. दम जाण्याची कारणं ढीगभर असतात: चोंदलेला डिझेल फिल्टर, लाइनमध्ये शिरलेली हवा, फाटलेला टर्बो पाइप, धूर परत इंजिनात सोडणारा पण काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह. थरथर तर क्लच-फ्लायव्हील किंवा इंजिन माउंटिंगचीही असू शकते. यातलं कोणतं, हे मी सांगू शकत नाही आणि आयोगही अंदाजावर सांगणार नाही. पण एक तपासणी तुमच्या खास कामाची आहे. कॉमन रेल इंजिनाच्या (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं ते) बहुतेक नोझलवर एक कोड कोरलेला असतो, आणि नवीन नोझल बसवल्यावर तो स्कॅनरने गाडीच्या ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो. न भरल्यास प्रत्येक सिलिंडरला डिझेल कमीजास्त जातं आणि गाडी हिसके देते. ईसीएममधला कोड आणि नोझलवरचा कोड जुळत नसतील, तर त्याची प्रिंट दहा साक्षीदारांपेक्षा भारी. दुसऱ्या मिस्त्रीने मात्र भल्या हेतूने नवीन कोड भरले, एरर पुसल्या, की तुमचा पुरावाही पुसला जातो. स्कॅनर लावून वाचायला हरकत नाही, लिहायला आहे. एरर कोड पी ०२९९ आला तर टर्बोचा दाब कमी, पी ००८७ आला तर रेलमधला डिझेलचा दाब कमी. छापून घ्या, तारीख घाला. सोबत रिटर्नची चाचणीही करा: चारही नोझलचं परतीचं डिझेल चार बाटल्यांत घेऊन मोजायचं. मोबाइलवर चित्रण करा.

त्याआधी पहिल्या गॅरेजला स्पीड पोस्टाने कळवा की अमुक दिवशी तपासणी आहे, हजर राहा. आला तर ठीक, नाही आला तर ते पत्रच बोलेल. आयोगाकडे तज्ज्ञ नेमण्याचा अर्जही करा. व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेतला किंवा सदर भागातल्या शासकीय तंत्रनिकेतनातला अभियंता सुचवता येईल. नेमणूक होईल की नाही, ते आयोगावर आहे. तपासणीची गरज असलेली तक्रार पाच महिन्यांत निकाली काढावी असं कायदा म्हणतो. हसू नका, छापलेलं आहे.

तुम्ही ‘ग्राहक’ ठरता का, हा आक्षेप समोरचा नक्की घेईल, कारण गाडी धंद्याची आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे, आणि स्वतः गाडी चालवून पोट भरणारा ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलं. तुमचा मुलगा चालवतो, त्याची मला फार काळजी वाटत नाही. पण पगारी ड्रायव्हर आणि आणखी दोन गाड्या असतील, तर मला आधी सांगायला हवं होतं. तक्रारीत स्वयंरोजगाराचं वाक्य विसरू नका. नंतर घुसवलं की संशय येतो.

रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीला फी नाही. ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, नोटीस आधी पाठवलीच पाहिजे असं बंधन नाही. व्हॉट्सॲपवरचे संवाद जोडा, डिलीट करू नका, आणि त्यांच्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लावा.

पण हे सगळं नंतर. वाडीच्या मिस्त्रीला आत्ता फोन करा. पंप उतरवलाच असेल, तर निदान काही धुण्याआधी फोटो काढून ठेवायला सांगा, आणि एकही भाग भंगारात देऊ नका.