पहाटेच्या पहिल्या स्टार्टला खडखड: इंजिन उघडण्याआधी काय तपासाल?

प्रश्न : टाटा १६१३, २००९चं मॉडेल, सहा सिलिंडरचं कमिन्स ६ बीटी इंजिन, इनलाइन पंप. थंडी पडल्यापासून पहाटे पहिला सेल्फ मारला की इंजिनातून खडखड येते. तीन-चार मिनिटांत थांबते, मग दिवसभर गाडी व्यवस्थित. थोडा पांढरा धूरही असतो. मिस्त्री म्हणतात, बेअरिंगं गेली, इंजिन उघडावं लागेल. कांद्याचा हंगाम तोंडावर आहे. उघडावं का?
— एक वाचक, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : इतक्यात उघडू नका. तुम्ही सांगितलेली लक्षणं बेअरिंगशी जुळत नाहीत. कनेक्टिंग रॉडचं किंवा मेन बेअरिंग झिजलं की आवाज इंजिन तापल्यावर वाढतो, कारण गरम ऑइल पातळ होतं आणि सैल जागेत टिकत नाही. गार असताना तेच ऑइल घट्ट असतं, उलट आवाज झाकतं. तुमचा आवाज तापल्यावर जातो, म्हणजे शोध दुसरीकडे घ्यायला हवा. बेअरिंगचा आवाज गार स्टार्टला आला, तरी तो ऑइल वर चढेपर्यंतचे दोन-तीन सेकंदच येतो. ठोकाही खोल आणि जड असतो.

म्हणून आधी घड्याळ लावा. उद्या पहाटे एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करावा आणि ऑइल प्रेशरचा काटाही त्याच चित्रणात घ्यावा. खडखड काटा वर येताच थांबते की काटा आल्यानंतरही चालू राहते, एवढ्यावरून अर्धं निदान होतं. या इंजिनात स्टार्टनंतर १५ सेकंदांच्या आत प्रेशर दिसलंच पाहिजे. गरम इंजिनाला आयडलवर किमान ६९ किलोपास्कल, म्हणजे साधारण ०.७ किलो (दर चौरस सेंटीमीटर), आणि पूर्ण फेऱ्यांवर किमान २०७ किलोपास्कल, म्हणजे सुमारे २.१ किलो प्रेशर हवं. डॅशबोर्डच्या जुन्या काट्यावर विसंबू नका. ब्लॉकच्या ऑइल गॅलरीचा प्लग काढून तिथे यांत्रिक गेज लावलं की खरा आकडा कळतो. गेज उसनं मिळतं, काम अर्ध्या तासाचं आहे. इंजिन उघडायच्या खर्चाआधी एवढं केलंच पाहिजे.

प्रेशर वेळेत येत असेल तर पुढचा संशय एअर कॉम्प्रेसरवर, म्हणजे ब्रेकच्या टाक्यांत हवा भरणाऱ्या पंपावर घ्या. हा मुद्दा हमखास सुटतो. रात्रभर उभ्या गाडीच्या टाक्यांतली हवा उतरलेली असते, म्हणून पहाटे कॉम्प्रेसर पहिल्या सेकंदापासून भारावर चालतो. टाक्या भरल्या की तो रिकामा फिरायला लागतो आणि त्याची खडखड थांबते. हे होतं बरोबर तीन-चार मिनिटांत, आणि आपल्याला वाटतं इंजिन तापलं म्हणून आवाज गेला. खात्री करायला गाडी पूर्ण गरम असताना, सपाट जागेवर, चाकांना ओट (अडसर) लावून टाक्यांची हवा ड्रेन कॉकमधून काढून टाका आणि इंजिन चालू करा. खडखड परत आली तर दोष कॉम्प्रेसरचा: त्याचा पिस्टन, रॉड, झडपा किंवा गिअर. नाही आली तर पुढे चला.

आता क्लच. आवाज चालू असताना गाडी न्यूट्रलला ठेवून पेडल पूर्ण दाबा. आवाज बदलला तर क्लच प्लेटच्या स्प्रिंगा, रिलीज बेअरिंग किंवा गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट तपासायचा, इंजिन नव्हे. पुढच्या बाजूला क्रँकच्या डॅम्परचं (कंप शोषणाऱ्या चकतीचं) रबरही पाहा. त्याच्या हबवर आणि बाहेरच्या कड्यावर एकमेकांसमोर खूण असते. त्या दोन खुणा १.५९ मिमीपेक्षा जास्त सरकल्या असतील तर डॅम्पर बदलायचा.

चौथी जागा, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे धूर बाहेर नेणारा जोडपाइप. पॅकिंग कुठे फुंकत असेल तर गार असताना टिकटिक-खडखड येते आणि धातू तापून फुगला की फट बुजते. पोर्टजवळ काळी काजळी पसरलेली दिसेल. बोल्ट ४३ न्यूटन-मीटरला आवळा. तरी काजळी परत आली तर पॅकिंग बदला आणि मॅनिफोल्डचा चेहरा सपाट आहे का पाहा.

आता टॅपिट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यातली गॅप. गार इंजिनावरची बारीक, चपळ टकटक वरच्या कव्हरातून येत असेल तर गॅप बघायलाच हवी. तुमच्या इंजिनाला इनटेक ०.२५ मिमी आणि एक्झॉस्ट ०.५१ मिमी, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत दहा आणि वीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग). इंजिन ६० अंशांपेक्षा गार हवं, म्हणजे सकाळीच काम करा. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा. गिअर हाउसिंगच्या मागच्या बाजूला टायमिंग पिन असते, ती आत ढकलत फ्लायव्हील हळू फिरवा, कॅम गिअरच्या खाचेत पिन बसली की जागा मिळाली. या स्थितीत १चे दोन्ही, २चा इनटेक, ३चा एक्झॉस्ट, ४चा इनटेक आणि ५चा एक्झॉस्ट जुळवा. मग पिन बाहेर काढा. ती आत ठेवून इंजिन फिरवलं तर पिन तुटते. पुलीवर खडूने खूण करून क्रँक बरोबर एक पूर्ण फेरी फिरवा आणि उरलेले जुळवा: २चा एक्झॉस्ट, ३चा इनटेक, ४चा एक्झॉस्ट, ५चा इनटेक, ६चे दोन्ही. लॉकनट २४ न्यूटन-मीटर. नट आवळल्यावर फिलर गेज परत घालून बघा, कारण आवळताना गॅप हलते. एकाच व्हॉल्व्हची गॅप महिन्याभरात पुन्हा वाढत असेल तर पुशरॉड वाकलेला, रॉकर झिजलेला किंवा खालचा टॅपिट आणि कॅम खाल्लेला असतो. तिथे नुसतं जुळवत बसून उपयोग नाही.

पांढऱ्या धुराबद्दल. निफाडला पारा एक आकडी होतो तेव्हा सिलिंडरमधली हवा दाबूनही पुरेशी तापत नाही. फवारलेलं डिझेल पेट घ्यायला वेळ लावतं, साचतं आणि मग सगळं एकदम भडकतं. ते खटखट ऐकू येतं आणि न जळलेलं डिझेल पांढऱ्या धुरात दिसतं. थोडं खटखटणं या इंजिनाच्या स्वभावातच आहे. प्रमाणाबाहेर असेल तर एखादं नोजल (डिझेल फवारणारी तोटी) ठिबकत असेल, पंपाचं टायमिंग पुढे झालं असेल किंवा रात्रीत डिझेल लाइनमध्ये हवा शिरत असेल. नोजल टेस्ट बेंचवर नेऊन फवारा आणि प्रेशर तपासून घ्या. पंप नुकताच कुणी उतरवला असेल तर टायमिंगवर पहिला संशय घ्या.

हे सगळं निर्दोष निघालं, तरच पिस्टनकडे या. झिजलेल्या बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, गार पिस्टन सैल बसतो आणि भिंतीवर आपटतो. पोकळ, लाकडावर मारल्यासारखा आवाज. पिस्टन फुगला की जातो. कुठला सिलिंडर, हे आयडलवर कळतं. चष्मा आणि जाड हातमोजे घाला, नोजलच्या पाइपाचा नट कापडाने झाकून अर्धा-पाऊण आटा सैल करा, म्हणजे त्या सिलिंडरला डिझेल जाणार नाही. एकेक करून सहाही बघा. ज्याला सैल केल्यावर आवाज मंदावतो तो दोषी. पण हे लक्षात घ्या की डिझेलचं खटखटणंही या चाचणीत बंद होतं. म्हणून नोजल तपासून झाल्यावरच ही चाचणी करा. टॅपिटचा किंवा कॉम्प्रेसरचा आवाज यात बदलत नाही. कॉमन रेलच्या गाडीवर (जिथे सगळ्या नोजलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) हे कधीही करू नका. तिथल्या प्रेशरने डिझेल कातडीत घुसतं आणि बोट गमावण्याची वेळ येते.

पिस्टनचाच आवाज निघाला तरी हंगाम थांबवायची गरज बहुधा नाही. ऑइल खाण्याचं प्रमाण, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारा धूर आणि कॉम्प्रेशन तीनही ठीक असतील तर गार आवाजावर गाडी बराच काळ चालते. उघडाल तेव्हा ध्यानात ठेवा, या ब्लॉकला वेगळे लायनर (बदलता येणाऱ्या सिलिंडरच्या नळ्या) नाहीत. बोअर ब्लॉकचाच असल्याने रीबोअर करून अर्धा किंवा एक मिमी मोठा पिस्टन घालावा लागतो. म्हणूनच अंदाजाने उघडू नये.

प्रश्न : आमच्या ट्रकलाही पहिले दोन-तीन सेकंद खडखड येते आणि प्रेशर आलं की थांबते. मिस्त्रींनी २०डब्ल्यू-५० ऑइल टाकायला सांगितलं. टाकावं का? फिल्टर बदलून बघावा का?
— एक वाचक, फलटण (जि. सातारा)

उत्तर : थंडीत जाड ऑइल टाकू नका. ते गार असताना पंपाला ओढायला जड जातं, प्रेशर आणखी उशिरा येतं आणि कोरड्या बेअरिंगवर खडखड वाढते. दुपारी आवाज दबलेला वाटेल, पण झीज होते पहाटे. कंपनीने सांगितलेलं १५डब्ल्यू-४० ठेवा.

फिल्टरमधली अँटी-ड्रेन झडप जिथे फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसतो, तिथे फार महत्त्वाची. ती रबरी झडप कडक झाली की रात्रभरात ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, उतरतं. तुमचा फिल्टर तसा असेल तर आधी तोच, कंपनीचाच, बदला. फिल्टर तोंड वर करून लटकत असेल, जसा ६ बीटीला असतो, तर नुसत्या फिल्टरने फरक पडण्याची शक्यता कमी. तिथे चेंबरमधल्या सक्शन पाइपाचं पॅकिंग बघा. तिथून हवा ओढली गेली की पंप उशिरा पकडतो. त्यानंतर पंपाचे रोटर. चेंबर उतरवलाच आहे तर एक-दोन रॉड बेअरिंगं काढून पाहा. वरचा करडा थर जाऊन तांब्याचा रंग दिसला तर बदलायची वेळ झाली. जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्यांत चमकणारे कण आहेत का तेही बघा. लटकणारा नवा फिल्टर लावताना स्वच्छ ऑइलने काठोकाठ भरून लावा.

प्रश्न : पेट्रोल-सीएनजीचा छोटा मालवाहू आहे. पहाटे एक-दोन सेकंद पुढच्या बाजूने साखळी हलल्यासारखा आवाज.
— एक वाचक, वाशी (नवी मुंबई)

उत्तर : टायमिंग चेनचा टेन्शनर. तो ऑइलच्या दाबावर ताणला जातो, रात्रीत दाब उतरतो. ऑइलची पातळी, ग्रेड आणि बदलायची मुदत आधी तपासा. आवाज पाच सेकंदांपलीकडे जाऊ लागला किंवा गरम असतानाही आला तर टेन्शनर, गाइड आणि चेन एकत्रच बदला. ताणलेल्या चेनवर नवा टेन्शनर बसवला तर तो लवकरच पूर्ण बाहेर येऊन निकामी होतो. चेन एक दात उडाली की व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतात, तेव्हा हा आवाज वाढेपर्यंत थांबू नका.

प्रश्न : आवाज लवकर जावा म्हणून स्टार्ट करताच रेस दिली तर चालेल का?
— एक वाचक, जुन्नर (जि. पुणे)

उत्तर : नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात पेडलला पायच लावू नका, टर्बो असेल तर अजिबातच नाही, कारण टर्बोच्या बेअरिंगला ऑइल सगळ्यांत शेवटी पोचतं. तीन ते पाच मिनिटं आयडलवर ठेवा, मग हलक्या पायाने निघा आणि पाण्याचा काटा वर आल्यावरच पूर्ण भार द्या. तासभर आयडलवर ठेवणंही बरोबर नाही. त्याने इंजिन नीट तापत नाही, न जळलेलं डिझेल बोअरवरून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं.